खोऱ्यातली नाचरी जमीन

ताईला आणि तिच्या गावाला हलवायचं कुठे, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं. मोठा भूकंप होऊन गेला होता, पण धक्के थांबत नव्हते. आम्ही तिघं निघालो: भूकंपाचा अभ्यास करणारी वहिनी, खेचरवाला आणि ओझं वाहायला मी, तिचा दीर.

दरडींनी वाट गिळली होती. ओढ्यात खेचर घसरलं आणि कंपनं मोजायचं एक यंत्र पेटीसकट पाण्यात! मी उडी मारून ते कसंबसं ओढून काढलं.

खोऱ्यात पोहोचलो आणि डोकंच चक्रावलं. उतारावर, खडकावरची जुनी घरं जशीच्या तशी उभी, आणि खाली सपाटीवरची नवीकोरी घरं जमीनदोस्त! सपाटीवर एकटी शाळा उरली होती. थंडीमुळे सगळं गाव तिच्यात शिरलं होतं. ताईही तान्ह्या बाळाला घेऊन तिथेच होती.

"जुनी उभी नि नवी आडवी? हे उफराटं कसं?" मी विचारलं.

"बांधकाम कच्चं असेल, नाहीतर जमीन. मोजल्याशिवाय सांगता येणार नाही, भावोजी," वहिनी म्हणाली.

भिजलेलं यंत्र सपाटीवर पुरलं, कोरडं खडकावर ठेवलं. थोड्याच वेळात धक्का आला. खडकावरचं यंत्र जरासं थरथरून गप्प झालं. सपाटीवरचं मात्र कितीतरी वेळ नाचतच राहिलं!

"जमिनीत काहीतरी आहे," वहिनी पुटपुटली.

"यंत्र पाणी प्यायलंय, नि नावं जमिनीला?" खेचरवाला हसला. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

वहिनी गोंधळली. "यंत्रांची अदलाबदल करू."

पुन्हा चढ! माझ्या हाताखालचा दगड निसटला. पाय हवेत! खेचरवाल्यानं मनगट धरलं म्हणून वाचलो.

पुढचा धक्का आला. भिजलेलं यंत्र खडकावर शहाण्यासारखं गप्प, आणि आता धडधाकट यंत्र खाली नाचत होतं!

"म्हणजे अंगणच वाकडं," खेचरवाला म्हणाला. या वेळी तो हसला नाही.

"इथे कधीकाळी तळं असणार. खाली सगळा गाळ आहे," वहिनी म्हणाली. "दह्याच्या वाटीला टिचकी मारा. वाटी थांबते, दही हलत राहतं. शाळा रिकामी करा!"

तिनं दरडींपासून लांबचा खडक निवडला. पण ताई हटून बसली. "वरून दगड आले तर? इथे निदान सपाट तरी आहे. बाळ गारठेल रे!"

"ताई, मलाही अर्धंच कळलंय. पण यंत्रं बदलली, तरी नाच इथलाच राहिला. चल!"

मी बाळाला उचललं आणि चालू लागलो. बाळामागे ताई आली, ताईमागे गाव.

शेवटची माणसं खडकावर चढली आणि मोठा धक्का आला! खाली शेतांतून वाळू आणि पाण्याचे फवारे उडाले. शाळा इकडे झुकली, तिकडे झुकली आणि खाली बसली. आम्हाला खडकावर एक दणका बसला, तेवढाच.

मी भीतीनं गारठलो होतो. ताईनं माझ्या छातीशी धरलेलं दुपटं बाजूला केलं.

बाळ झोपलेलंच होतं.