ओहोटीला झाडलेली वाळू

ज्यांना ही गोष्ट खोटी वाटेल त्यांनी ती खुशाल खोटी म्हणावी. कौसल्या कुणाची समजूत घालत बसली नाही.

घडलं ते असं घडलं.

साल १९५८. कार्तिकातली अमावस्या. वेळ तिन्हीसांजेची. जागा... भाऊच्या धक्क्यावरून लाँचने दीड तासावरचं एक छोटं बेट. सगळं बेट एका शेटच्या मालकीचं.

गिरणगावात तेव्हा भिंत न भिंत 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणत होती. काळाचौकीच्या चाळीतली बकुळा, कौसल्येची धाकटी बहीण, मोर्चात कायम पहिल्या रांगेत. सत्याग्रहात पंधरा दिवस तुरुंगात बसून आली आणि गिरणीतलं काम गेलं. मग तिने त्या बेटावरच्या हॉटेलात स्वयंपाकाचं काम धरलं. दर पंधरा दिवसांनी घरी यायची. अंगाला खारा वास आणि हातात ओल्या काजूंची पुरचुंडी.

शिमग्याला आली नाही.

मॅनेजरचा निरोप आला. "तुमची पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली."

त्या वर्षी गणपतीसमोर बाबुरावकाकांनी गाऱ्हाणं घातलं. कोकणातल्या घरांची ही रीत. घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहतो, एकेकाचं नाव घेऊन राखण मागतो, आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!"

काकांनी सगळ्यांची नावं घेतली.

बकुळेचं घेतलं नाही.

आई, सुंदराबाई, पदर तोंडाशी धरून खालच्या आवाजात "व्हय" म्हणाली. कौसल्येचे ओठ मिटलेलेच राहिले.

"काका, एक नाव ऱ्हवला."

"पळालेल्या चेडवांची नावां देवापुढे घेनत नाय."

"पळाली म्हणान तुमका देवान सांगल्यान, काय मॅनेजरान?"

काकांनी टाळ उचलला. आरती सुरू झाली. पण त्या दिवसापासून बकुळा त्या घरात जन्मलीच नव्हती. तिची साडी दोरीवरून उतरली, तिची वाटी फळीवरून गेली. मेलेल्याचं श्राद्ध तरी घालतात. हिचं काहीच नाही.

दिवाळी झाली. बेटावर पुन्हा स्वयंपाकीण हवी असल्याचं कळलं, तेव्हा कौसल्येने बोचकं बांधलं. सासरचं आडनाव सांगितलं, बहिणीचा विषय काढला नाही. नवऱ्याने, राजारामने, एवढंच विचारलं, "भीती नाय वाटत?"

"वाटता. म्हणानच जातंय."

*

लाँच रामदास तांडेलाची. त्याने बोचकं बेटाच्या धक्क्यावर ठेवलं, पण पाय खाली टाकला नाही.

"उतरत नाय काय दादा?"

"आमी कोली हितं जालं पन टाकत नाय, बाय."

"कित्याक?"

तांडेलाने इंजिन सुरू केलं.

हॉटेल म्हणजे पाच झोपड्या. कुडाच्या भिंती, झावळांची छपरं, शेणाने सारवलेली जमीन. शहरात दारूबंदी, म्हणून शनिवारी बंगलेवाले इथे येत आणि झोपडीत राहण्याची हौस भागवून घेत. कौसल्येला हसू आलं. असल्याच झोपडीतून तिचा बाप गिरणीत आला होता, आणि पक्क्या भिंतीला पाठ टेकायची म्हणून जन्मभर राबला होता.

पाहुणे गेले की बेटावर मॅनेजर आणि ती, दोघंच. ती उशाशी कोयती घेऊन झोपायची.

पहिल्या दिवशी तिने जेवणाआधी घास काढून दगडावर ठेवला. नेहमीची सवय.

संध्याकाळपर्यंत तो तसाच...

तेव्हा तिच्या लक्षात आलं. बेटावर कावळा नव्हता. एकही नाही. माडांची एवढी दाटी, आणि वर पंखांचा आवाज नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी घासताना आवाज आला.

खर्र... खर्र... खर्र...

खराट्याचा आवाज. कुणी अंगण झाडतंय तसा. मॅनेजर घोरत होता. ती हात पुसत पाचव्या झोपडीच्या मागे गेली, आणि थांबली.

समुद्र नुकताच मागे सरला होता. वाळू अजून चमकत होती, पायाच्या ठशाशिवाय. आणि त्या ओल्या वाळूवर खराट्याच्या रेघा. पंख्यासारख्या, एकीला लागून एक.

रेघा उजवीकडून डावीकडे वळलेल्या.

बकुळा डावखुरी होती. तिने झाडलेलं अंगण असंच उलटं दिसायचं. आई हसायची, "उलट्या हाताची केरसुणी, पावण्याक परत धाडता!"

कौसल्या तिथेच बसली. रडली नाही. वाळूवर हात ठेवला.

वाळू कोमट होती...

रात्री मॅनेजरला वाढताना तिने सहज विचारलं, "साहेब, आधीची बाई कुठे गेली हो?"

"पळाली. त्या तांडेलाच्या भावाबरोबर."

दोन दिवसांनी तिने पुन्हा विचारलं.

"सांगितलं ना! कुणा पाहुण्याच्या ड्रायव्हरबरोबर गेली. मोर्चातली पोरगी, तसल्या कुठे टिकतात?"

"मोर्चातल्या पळत नाहीत, साहेब," ती आमटी वाढत म्हणाली. "त्यांना उचलून न्यावं लागतं. चौघंचौघं लागतात."

त्याचा घास तोंडाशीच राहिला. त्याने पहिल्यांदा तिचा चेहरा नीट पाहिला. नाक, हनुवटी. बहिणींचे चेहरे कुठवर लपणार?

"उद्या लाँच येईल. बोचकं बांध."

*

दुसऱ्या दिवशी अमावस्या. लाँच दुपारी यायची, ती आलीच नाही. अमावस्येचं पाणी फार ओढलं होतं. बेटाच्या पश्चिमेला कधी न दिसणारा वाळूचा दांडा उघडा पडला होता, समुद्रात लांबवर गेलेला.

तिन्हीसांज झाली. आणि...

खर्र... खर्र...

या वेळी एक खराटा नव्हता. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना. कौसल्येने नारळ उचलला आणि ती दांड्यावर चालत गेली. वाळू शेवटपर्यंत झाडलेली. उलट्या रेघा होत्या, सुलट्याही होत्या. एका हाताच्या नव्हत्या.

माणूस कुठेच नव्हतं.

तिने पाय वाळूत घट्ट रोवले. गाऱ्हाणं पुरुषांनी घालायचं असतं. तिने नारळ कपाळाला लावला आणि मोठ्याने सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा! ह्या शेटच्या बेटाच्या राखणदारा..."

सवयीने ती थांबली. 'व्हय' यायला थांबतात तशी.

लाटांचा आवाज. बाकी काही नाही.

तिची चूक तिलाच कळली. राखणदार कधी शेटचा असतो? कागद शेटचा. जागा ज्याची त्याची.

"ह्या जाग्याच्या राखणदारा! कोणाच्या बापाचो नाय असशीत, तो तू ऐक!"

ती थांबली.

मागून... अगदी मानेपाशी...

"व्हय म्हाराजा."

हलक्या, ओल्या आवाजात. तिने मान वळवली नाही. गाऱ्हाणं घालताना मान वळवत नाहीत.

"कोण आहे तिकडे?" किनाऱ्यावरून मॅनेजर ओरडला. कंदील घेऊन तो दांड्यावर धावत आला. "ए बाई! चल मागे! पाणी चढेल!"

"चढांदे!" ती समुद्राकडे बघतच म्हणाली. "म्हाराजा, माझी बकुळा कोणाबरोबर पळान गेली असा म्हणतत..."

लाटा. फक्त लाटा.

"ती पळाक नाय! ती हयच आसा!"

"व्हय म्हाराजा!"

मॅनेजरचे पाय जागीच थिजले. त्यालाही ऐकू आलं होतं. आणि हा आवाज एकटीचा नव्हता. डावीकडून आला, उजवीकडून आला, झाडलेल्या वाळूच्या खालून आला. बायकांचे आवाज. कुणी थोराड, कुणी अगदी कोवळा. एका सुरात. चाळीत गणपतीसमोर म्हणतात ना, तसा.

"तिचा नाव घराक परत जाऊक व्हया!"

"व्हय म्हाराजा!"

"जेणां ह्या केला, तेका ह्या पाण्यान इसारता नये!"

"व्हय म्हाराजा!!"

कंदील वाळूत पडला. मॅनेजर गुडघ्यांवर आला होता. ओठ हलत होते. कौसल्या वाकली, तेव्हा तो काय पुटपुटतोय ते तिला ऐकू आलं.

तो मोजत होता.

"...चार... पाच... सहा. सहाही..."

कौसल्येने त्याला आकडा विचारला नव्हता.

तिने नारळ वाळूत ठेवला, कंदील उचलला आणि एकटी माघारी आली. रात्रभर कोयती मांडीवर घेऊन दारात बसून राहिली. पहाटे तांडेलाची लाँच आली. रात्री पाणी चढू लागल्यावर रांगत किनाऱ्याला आलेला मॅनेजर अंगावरच्या कपड्यांनिशी लाँचमध्ये चढला, मागून कौसल्याही चढली; भाऊच्या धक्क्याला लागताच तो गर्दीत शिरला. नंतर तो कुणाला दिसला नाही.

*

घरी येऊन कौसल्येने हातपायही धुतले नाहीत. बाबुरावकाका बाजेवर बसले होते.

"काका, उठा. गाऱ्हाणा घालूचा आसा. तुम्ही घालतास, काय मी घालू?"

"बायल माणूस गाऱ्हाणा घालता काय गो?"

"घालता. कालच घातलंय."

काकांनी तिच्या डोळ्यांत बघितलं आणि नजर खाली वळवली. मग तिनेच घातलं, देव्हाऱ्यासमोर, दार सताड उघडं टाकून. अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असं बकुळेचं नाव घेतलं. पहिलं "व्हय म्हाराजा" सुंदराबाई म्हणाली. आणि मग खाली बसून नऊ महिन्यांचं रडली.

वाळू उकरून बघायला कुणी गेलं नाही. कौसल्येने किती जणांना सांगितलं! कुणी ऐकून घेतलं, कुणी हसलं. हॉटेल त्याच हंगामात बंद पडलं.

पण तिला झोप नव्हती.

सहा. त्यातली एक आमची. मग बाकीच्या पाच जणी?

दर रविवारी ती निघायची. लालबाग, परळ, दादर. चाळीमागून चाळ, दारामागून दार. एकच प्रश्न. "तुमच्यातली कुणी बेटावर कामाला गेली होती काय?"

लोक दार लावून घ्यायचे. कुणी वेडी म्हणायचं. ती पुढच्या दाराची कडी वाजवायची.

तिसऱ्या महिन्यात, प्रभादेवीच्या एका गल्लीत, एका बाईने दार लावलं नाही. रमाबाई तिचं नाव. चौकट धरून तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

मग हळूच म्हणाली...

"आम्हालाही तेच सांगितलं होतं. राधा पळून गेली म्हणून."

कौसल्या आत गेली. पुढच्या रविवारी त्या दोघी निघाल्या.

चार दारं अजून सापडायची होती.