एर्सिलियाबाईंसाठी शेवंती

बॅग जिन्यात अडकली, ती नेमकी रुज्जेरोच्या दारासमोर.

"आत ऑस्ट्रेलिया भरून आणलाय की काय?" त्याने दार उघडत विचारलं.

"अर्धाच," ब्रिडी धापा टाकत म्हणाली. "उरलेला मागून येतोय."

मागून तिच्या ऑस्ट्रेलियातल्या, बॅलरॅटच्या मैत्रिणी येत होत्या, टीगन आणि मार्नी. रुज्जेरोने बॅग खांद्यावर घेऊन वर पोचवली. जाताना त्याची बोटं ब्रिडीच्या बोटांवर जरा जास्तच रेंगाळली... मग "बरं... येतो," म्हणून स्वारी खाली. वर्षभर हेच चाललं होतं. इटलीतल्या अस्कोलीत इंग्रजी शिकवायला आलेल्या या भाडेकरणीचा नळ तो दुरुस्त करी, तिला अंजिरं आणून देई, डोळ्यांत डोळे घालून बघत राही — आणि ऐन वेळी त्याच्या तोंडाला कुलूप लागे.

"हाच ना तो नळवाला?" टीगनने दार लागताच विचारलं.

"नळवाला नाही गं. त्याचं चष्म्याचं दुकान आहे."

"मग त्याला जवळचं दिसत नाही का?"

ब्रिडी हसली खरी, पण मंगळवारी मैत्रिणींबरोबर तीही कायमची परत जाणार होती. बॅलरॅटच्या शाळेने तिची जागा राखून ठेवली होती. रुज्जेरोने नुसतं 'थांब' म्हटलं असतं तर तिने एका पायावर तिकीट रद्द केलं असतं. पण हा बाबा तोंड उघडेल तर शपथ!

रविवारी मातृदिन होता. रुज्जेरोच्या आईने, म्हणजे घरमालकीण एर्सिलियाबाईंनी, तिघींना जेवायला बोलावलं. सकाळी फिरायला गेलेल्या मैत्रिणी परस्पर तिथेच पोचल्या. ब्रिडी केस सारखे करत जिना उतरली, तर दारात सगळे पुतळे होऊन उभे. टीगनच्या हातात पांढऱ्या शेवंतीचा हा एवढा गुच्छ! आणि अस्कोलीत शेवंती जाते ती फक्त थडग्यावर.

एर्सिलियाबाईंनी अपशकुन टाळायला दाराची लोखंडी कडी घट्ट धरली होती.

"कोण गेलं?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"कोणी नाही हो, सिन्योरा! आमच्याकडे मातृदिनाला आईला शेवंतीच देतात," ब्रिडी घाईघाईने म्हणाली.

"जिवंत आईला?"

"हो..."

"आणि ती ऐकून घेते?"

"काय झालं?" मार्नी कुजबुजली. "फुलवाली किती प्रेमळ होती! आमचे हात धरून रडायलाच आली."

"अगं, ती दफनभूमीच्या फाटकावरची फुलवाली!"

रुज्जेरो भिंतीला टेकून हसत सुटला.

"हसतोस काय? तुझं लग्न झाल्याशिवाय मी कुठेही जात नाही!" आई कडाडली. "फुलं तुझ्या पप्पांकडे घेऊन जा. हिलाही ने."

"ब्रिडीला?" त्याचे कान लाल झाले. "मम्मा, पप्पांकडे तर आपण फक्त..."

"घरच्याच माणसांना नेतो. माहीत आहे. माझे डोळे अजून चांगले आहेत."

दफनभूमीत, थडग्यावरच्या फोटोत पप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते. रुज्जेरोने फुलं ठेवली, रुमालाने फोटो पुसला, आणि वर्षभराचं कुलूप एकदाचं उघडलं — पण तोंड मात्र पप्पांकडे.

"पप्पा, ही ब्रिडी. हिचा नळ पहिल्याच दिवशी नीट झाला होता. नंतर मी उगाचच जायचो..."

"पप्पा, त्याला सांगा," ब्रिडीही फोटोलाच म्हणाली, "नळ गळत नसायचा, तरी मीही उगाचच बोलवायचे."

"पप्पा, ती मंगळवारी चाललीय. मला नाही करमणार... तिला म्हणा ना, थांब."

"ते नाही म्हणणार." ब्रिडी त्याच्याकडे वळली. "तूच म्हण. माझ्याकडे बघून."

तो वळला. चष्मा काढला, पुसला, परत घातला...

"थांब ना, ब्रिडी. माझं प्रेम आहे तुझ्यावर."

"थांबते," ती म्हणाली, आणि हसता हसता रडली. "वर्ष लावलंस, शहाण्या!"

दोघं परतली तेव्हा मैत्रिणींनी तळलेल्या ऑलिव्हांचा फडशा पाडला होता. एर्सिलियाबाईंनी दोघांचे गुंतलेले हात पाहिले आणि कमरेवर हात ठेवले.

"काय म्हणाले ते?"

"हो म्हणाले, मम्मा."

"बघा! उभ्या संसारात मला न विचारता पहिल्यांदाच काही ठरवलं त्या माणसाने!" त्यांनी डोळे पुसले, ब्रिडीला कुशीत घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून दोन्ही मैत्रिणींकडे बोट रोखलं. "पण लग्नाची फुलं मी आणणार. या दोघींनी दुकानाकडे फिरकायचंसुद्धा नाही, सांग त्यांना!"