एक गाठ राहिली

वांकिडीच्या रस्त्याला, कापसाच्या शेतांमध्ये एक छोटंसं कौलारू इस्पितळ होतं. खाटा मोजक्या, डॉक्टर एकच. चारुशीला. हैदराबादेत शिकून आलेली, नाकासमोर चालणारी, आणि अडाणीपणा दिसला की जिभेला धार चढणारी बाई. १९९१ सालच्या त्या हिवाळ्यात वेचणी ऐन भरात होती. बाळंतपणाला येणाऱ्या बायकांच्या केसांतसुद्धा कापूस असायचा.

रुख्मिणी सकाळीच बैलगाडीतून आली. पहिलटकरीण. दुपार झाली तरी मूल पुढं सरकेना. तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन पोट उघडणं हाच खरा उपाय होता. इथं ना भूल देणारा, ना रक्त. पण नेमका त्या दिवशी नक्षलवाद्यांनी बंद पुकारलेला आणि जंगलातल्या रस्त्यावर झाडं तोडून आडवी टाकलेली. तिचा नवरा डोमाजी सायकलवर जाऊन बघून आला आणि मान हलवत ओसरीत बसला. मूल असंच अडकून राहिलं तर दोन्ही जीव जाणार हे चारुशीलाला कळत होतं, आणि काही करता येत नाही म्हणून तिचा नुसता चडफडाट होत होता.

त्यात सासू, बयनाबाई. अडलेल्या बाईच्या आसपास काही बांधलेलं, बंद केलेलं ठेवू नये, हे तिच्या मनात पक्कं. आल्याआल्या तिनं सुनेची वेणी सोडली, स्वतःचा अंबाडा सोडला, बैलांची दावी सोडायला लावली. बैल कुणाच्या तरी तुरीत शिरले.

"डाक्टरीणबाई, तुमचं कपाटबी उघडा ना," ती म्हणाली.

"औषधांचं कपाट आहे ते. कुलूपच बरं."

"कुलूप असलं का पोर कसं येईन? तुमी शिकल्या सवरल्या, एवढं काऊन समजत नाही?"

किल्ली चारुशीलाच्या कमरेलाच होती. पालथ्या घड्यावर पाणी कशाला ओतायचं, असं मनाशी म्हणत ती हात धुवायला गेली.

परत आली तर कपाट सताड उघडं होतं. कुलूप कोयंड्याला लटकत होतं.

"सिस्टर, कुणी उघडलं?"

पद्मजा सिस्टर रुख्मिणीचा हात धरून बसली होती. तिनं मान वर केली. "कुणीच नाही, मॅडम. मी इथून उठलेच नाही."

कुलूप जुनं झालंय, चारुशीलानं मनाशी म्हटलं. तेवढ्यात रुख्मिणीला जोराची कळ आली आणि सकाळपासून अडून बसलेलं डोकं बोटाला किंचित खाली लागलं.

मग एकेक होत गेलं. उकळून ठेवलेल्या हत्यारांच्या डब्याचं झाकण कडी निघून बाजूला झालं. बँडेजची गुंडाळी टेबलावरून आपोआप उलगडत जमिनीपर्यंत गेली. पद्मजाची घट्ट पिना लावलेली वेणी पाठीवर मोकळी झाली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. पिना फरशीवर पडल्या होत्या. खोलीत वारा नव्हता. दर वेळी कळ यायची, दर वेळी मूल थोडं सरकायचं. वारा, म्हातारं कुलूप, सैल कडी. कारणं शोधता शोधता चारुशीलाची मती गुंग झाली.

आणि मग सगळंच थांबलं.

मूल अगदी दाराशी येऊन अडकलं. चारुशीलानं लाकडी नळी पोटावर टेकवून कान लावला. ठोके मंदावत होते.

बयनाबाईनं खोलीभर नजर फिरवली. उघडं कपाट, उघडे डबे, उघड्या खिडक्या. "एक गाठ राह्यली," ती हळूच म्हणाली. "इथंच हाये. या खोलीत."

"कसली गाठ? काही राहिलेलं नाही," चारुशीला ओरडली.

ती खोटं बोलत होती. तिच्या पोटात पाचव्या महिन्याचं मूल होतं. आधीची दोन याच महिन्यात गेली होती. गर्भाशयाचं तोंड अवेळीच उघडायचं. म्हणून या खेपेला हैदराबादच्या डॉक्टरांनी आत टाका घालून ते बांधून टाकलं होतं. काळा, जाड रेशमी धागा. त्यांनी आधी तो तिला दाखवला होता. नवऱ्याशिवाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सैल साडीखाली पोटही दिसत नव्हतं.

म्हातारी मात्र तिच्या पोटाकडंच बघत होती. रागानं नव्हे. कीव आल्यासारखी.

चारुशीलाला भीती वाटली. समोरच्या मुलासाठी नव्हे, स्वतःच्या मुलासाठी. लाजही वाटली, पण भीती मोठी होती. इथून बाहेर पडावं, कापसाच्या शेतातून पळत सुटावं, लांब. सिस्टर बघून घेईल. ती दाराकडं वळली.

पदर ओढला गेला. रुख्मिणीनं तो मुठीत धरला होता.

"बाई, जाऊ नका. मले एकटीले टाकू नका."

दार उघडंच होतं. बाहेर ऊन होतं.

चारुशीला परत फिरली. तिनं मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

"कळ दे, रुख्मिणी. आता दे."

मूल आलं.

एकदम, सहज, जसं काही अडलंच नव्हतं. लगेच रडलंही. "सुटली माय!" बयनाबाई मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडू लागली. बाहेर डोमाजीनं मोठ्यानं देवाचं नाव घेतलं. रुख्मिणी हसत होती. चारुशीलाही हसली. काही दुखत नव्हतं, काही झालं नव्हतं. वेडे आहोत आपण, असं तिला वाटलं.

पद्मजा मुलीला पुसत होती.

"मॅडम, हिची एक मूठ उघडतच नाहीये."

"उघडेल. हळूच घे."

पद्मजानं इवलीशी बोटं एकेक करून सोडवली आणि तिचा हात तसाच राहिला.

"हे काय आहे?"

चारुशीलानं बघितलं. काळा, जाड रेशमी धागा. कुठंही कापलेला नव्हता. गाठ जिथं बसली होती तिथं तो अजून वाकडा होता.

तिच्या स्वतःच्या पायांशी फरशी ओली होत होती.