उसनं नाक

अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात बिअरमध्ये घालायच्या हॉप्सची तोडणी लागली, की पोस्टमनच्या शर्टालासुद्धा त्या हिरव्या फुलांचा वास येतो. घरी बिअर करणाऱ्यांना लागणारा माल कोरीन विकायची. गिऱ्हाइकं तिच्या दुकानात फुलं तळव्यांत चोळत, ओंजळ नाकाशी नेत आणि डोळे मिटत. त्या मिटलेल्या डोळ्यांवरून ती ओळखायची – जाणकार कोण नि नाटकी कोण.

एमेट पहिल्याच भेटीत नाटकी निघाला.

त्यानं भलत्याच डब्यात हात घातला, फुलं चोळली, हुंगली. "वा! काय ताजी आहेत!"

"फेकायला काढलीत ती," कोरीन म्हणाली. "शिळ्या चीजचा वास मारतोय... तुम्हाला नाही आला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मागच्या हिवाळ्यात ताप आला, तो जाताना नाक घेऊन गेला. म्हणजे... नाक आहे जागेवर –"

"दिसतंय. चांगलं ऐसपैस आहे."

तो हसला. "जिभेला कडू तेवढं कळतं. म्हणून सगळी फुलं उकळीच्या सुरुवातीलाच टाकतो. मित्र म्हणतात, तुझ्या आयपीए बिअरनं भिंतीचा रंग निघेल. आता ही शेवटची खेप. बिघडली तर पातेलं विकून मोकळा होणार."

पातेलं गेलं की गिऱ्हाईक गेलं. कोरीनला तेवढंच वाईट वाटलं, असं तिचं म्हणणं.

तिनं त्याच्या तळव्यांवर कॅस्केड जातीची ताजी फुलं ठेवली. "चोळा." आणि त्याची ओंजळ धरून आपल्या नाकाशी नेली.

"काय येतंय?" त्यानं विचारलं.

"पपनसाची साल... भिजलेलं पाइनचं रान... आणि तुमचा साबण."

"साबण बरा आहे?"

"फुलांबद्दल बोलतोय आपण." तिनं ओंजळ सोडली. जरा उशिराच सोडली. "हे बघा, आधी टाकाल त्याचा कडूपणा उतरतो, वास उडून जातो. सुरुवातीला चिमूटभरच घाला. बाकीची आच बंद केल्यावर. आणि बिअर आंबून झाली की मूठभर कोरडीच."

"एवढा वेळ थांबायचं?"

"घाई केली की कडू होतं."

मग तो वरचेवर यायला लागला. "नाक आहे का उसनं?" "आहे. पण परत करावं लागेल." कधी सिट्रा, कधी सिमको – ओंजळ त्याची, नाक तिचं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, हे दोघांनीही लक्षात घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

तोडणी संपून बागांमध्ये हॉप्सचे वेल चढवायचे नुसते खांब उरले, तेव्हा तो बाटली घेऊन आला. ग्लास भरला. कोरीनच्या मनात आलं... बिघडली असेल तर?

तिनं हुंगलं. घोट घेतला. पपनस, पाइन, आणि शेवटी जिभेवर जेमतेम कडू.

"पातेलं विकू नकोस," ती म्हणाली.

त्यानं तिचा ग्लास पुन्हा भरला.

"तुला कशी लागते?" तिनं विचारलं.

"मला? किंचित कडू पाणी."

"मग अशी कशाला केलीस, वेड्या?"

"तुला वास येतो ना," एमेट म्हणाला. "म्हणून."

कोरीननं ग्लास पुन्हा नाकाशी नेला, भुवई उंचावली.

"एक कमी आहे यात."

"काय?"

"साबण," ती म्हणाली, आणि त्याची ओंजळ जवळ ओढली. या खेपेला ओंजळीत फुलं नव्हती.