टाकीवर कोणाचा हात?

घागरी, बादल्या, टोप, अगदी आंघोळीची घंगाळंसुद्धा मांडून तनुजाची सगळी कॉलनी सज्ज होती. दुष्काळाचं वर्ष, त्यात शहर चहूकडे फुगलेलं, म्हणून नळाला आठवड्यातून एकदाच पाणी यायचं. आज ते आलं, हंडा अर्धा भरला आणि धार बंद! मागच्या खेपेलाही असंच झालं होतं.

मंजुळाबाईंनी भर गल्लीत निकाल देऊन टाकला, "सोमनाथ आपलं पाणी टँकरवाल्यायला इकतो."

सोमनाथ म्हणजे पाण्याच्या टाकीवरचा ऑपरेटर आणि तनुजाचा लाडका काका. ती तरातरा टाकीकडे निघाली. सोबत फुलंब्रीहून दिवाळीच्या सुट्टीला आलेला आतेभाऊ बिभीषण आणि शेजारची सुकेशनी होतीच. केबिनमध्ये पाणीपुरवठ्याचे साहेब, म्हणजे नानासाहेब, काकाला फैलावर घेत होते. व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवरून बंद झालेत, कॉम्प्युटरजवळ तूच असतोस, तेव्हा उद्यापासून कामावर येऊ नकोस, असं त्यांचं सरळ गणित होतं. तनुजा काकाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

बिभीषण मेंढपाळाच्या घरातला. तो म्हणाला, "मामा, कळपात रोग शिरला की आमचे आबा आधी इचारतात, बाहेरून नवं जनावर कोणतं आणलं? इथं नवं काय आलं?"

काहीच नाही, असं काका म्हणाला. पण सुकेशनीची नजर कॉम्प्युटरवरच्या वाळलेल्या झेंडूच्या हारावर गेली. पूजेला आरती कोणी म्हटली, असं तिने विचारलं.

"म्हणायची कशाला? पेन ड्राइव्हवर लावली की," काका म्हणाला आणि त्याने जीभ चावली. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करताना त्याने बाजारातून आरत्या भरून आणलेला पेन ड्राइव्ह थेट याच कॉम्प्युटरला लावला होता.

शाळेत सायबर सुरक्षेच्या तासाला ऐकलेलं तनुजाला आठवलं. पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला असेल, तर कोणीतरी दूर बसून हे व्हॉल्व्ह फिरवत असणार. पण साहेबांना पटवायचं कसं?

"काका, पाणी सोड आणि दोन्ही हात वर करून उभा राहा," ती म्हणाली.

नानासाहेब पोरखेळ म्हणून हसले. पण थोड्याच वेळात पडद्यावरचा बाण आपोआप सरकला, व्हॉल्व्हच्या चित्रावर गेला आणि पाणी बंद झालं. काकाचे हात अजून वरच होते! साहेबांचं हसू मावळलं.

"रोगी जनावर कळपातून अलग काढा," बिभीषण म्हणाला. साहेबांनी मान डोलावताच तनुजाने इंटरनेटची वायर उपसली. बाण जागीच थांबला. मग काका आणि पोरं लोखंडी चावी घेऊन धावले आणि त्यांनी हाताने फिरवून व्हॉल्व्ह उघडला. गल्लीतून आरडाओरडा ऐकू आला, या वेळी आनंदाचा.

यामागे शहरांचं पाणी अडवून खंडणी मागणारी एक टोळी होती; तिला पुढे सायबर पोलिसांनी पकडलं. काकाने मात्र त्याच दिवशी कॉलनीसमोर हात जोडून आपली चूक सांगितली.

सोबत आलेले नानासाहेब खाकरले. "त्या पूजेला आवाज वाढव, असं मीच म्हणालो होतो. आरतीचं ताटही माझ्याच हातात होतं. सोमनाथ कामावर राहील. ही पोरं हुशार निघाली, नाहीतर मी एका भल्या माणसाला घरी बसवलं असतं."

मंजुळाबाई आत गेल्या आणि ताज्या पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. सगळ्यांदेखत तो त्यांनी काकाच्या हातात दिला.

"पी, भाऊ. लई बोलले मी तुला."

काका घटाघटा प्यायला. तनुजाला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.