रक्तावरचा आळ

‘सखोल अभ्यासांती समिती या निष्कर्षाप्रत आली आहे की, धनवेवाडीतील कंपवाताचे चारही रुग्ण एकाच कुळातील असून आजाराचे मूळ आनुवंशिक आहे. पर्यावरणीय कारण आढळून आले नाही.’

चंद्रिका रिसबूड यांनी अहवाल मिटला आणि तो टेबलावर असा ठेवला, जणू त्याला वास येत होता.

“शेवटचे वाक्य खरे आहे, दिगंबरराव. यांनी पाणी तपासले नाही, माती तपासली नाही, हवा हुंगलीही नाही. जे शोधलेच नाही ते आढळले नाही, एवढेच यांनी गुळगुळीत कागदावर छापले.”

दिगंबरराव लोणावळ्याचे; इतिहासाचे निवृत्त शिक्षक. शिक्का दिसला की त्यांचा अविश्वास मावळे. चंद्रिकाबाईंच्या तळेगावच्या खासगी तपासाच्या कचेरीत ते वेळ घालवायला येत आणि तपासात ओढले जात.

“पण चौघांचे आडनाव एक, बाई. जनुकांचा वाटा तर शास्त्रही मानते.”

“वाटा मानते, मालकी नव्हे. थोड्या घराण्यांत एखादे जनुक पुरेसे ठरत असेल. इतरांत वय, जनुके, तणनाशके, धातू धुण्याची द्रावणे असे पुष्कळ काही मिसळलेले असते, आणि बहुतेकदा नक्की कारण कुणालाच सांगता येत नाही. या समितीला मात्र ते सांगता आले. तेही एका शिबिरात.”

समोर खुर्चीच्या कडेवर सविता धनवे बसली होती. ओली छत्री तिने मांडीवरच धरली होती.

“ताई, सासऱ्यांचा हात हालतो, सासूचा हालतो. त्यांचं आमी करतूय. पर आता माज्या सारिकाचं लगीन मोडलं. पावन्यांनी ह्योच कागूद म्होरं टाकला. म्हनले, तुमच्या रक्तातच रोग हाय.”

“आणि सारिका?”

“ती इचारती, आये, मला बी व्हनार का? म्या काय सांगू तिला?”

चंद्रिकाबाई उठल्या. “चला. उत्तर वाडीतच असेल.”

गौरी बसल्या होत्या. मळवलीच्या पुढे डोंगर धुक्यात बुडालेला होता आणि पाऊस कंटाळलेल्या माणसासारखा एकसुरी पडत होता. वाडीच्या वरच्या अंगाला, चढावर, त्यांची गाडी एका पाण्याच्या टँकरमागे अडकली. टँकर कण्हत एका बंगल्याच्या फाटकात वळला. आत अंगणात विहीर होती; काठोकाठ भरलेली.

“लोणावळ्याच्या पावसात टँकर!” दिगंबरराव हसले. “बिवलकरांचा बंगला हा. श्रीमंतांची चैन, दुसरे काय.”

“या बिवलकरांनीच ते शिबिर भरवले ना?”

“हो, दानशूर गृहस्थ. पूर्वी याच जागेवर त्यांचा छोटा कारखाना होता. घड्याळांचे पितळी भाग बनवत, चकचकीत धुऊन पाठवत. बंद पडून जमाना झाला.”

सविताचे सासरे नथू धनवे सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. चेहरा लाकडासारखा, उजव्या हाताची बोटे अदृश्य गोळी वळत असल्यासारखी हलत होती. पलीकडे गौरीपुढे त्यांची थोरली बहीण सरूबाई वाती वळत होती. तिच्या बोटांखालून कापूस कसा सरळ, बारीक उतरत होता.

“आत्या, कधी आलात?” चंद्रिकाबाईंनी विचारले.

“काल. गौरीला माहेरी येतूया आमी तिगी बहिनी. मला कामशेतात दिली, धाकट्या दोगी पवनेकडं, त्या सांजच्याला येतील. सोळाव्या वर्साला गेलतो बगा, पर आजून सन चुकला न्हाई.” तिने डोळे मिचकावले. “ह्या कस्तुराला इचारा. तिच्या हातचा चा आता निम्मा बशीत, निम्मा लुगड्यावर.”

“वन्सं, गप बसा की,” सविताच्या सासूबाई, कस्तुराबाई, म्हणाल्या. कप त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता. तरी तो बशीवर वाजत होता.

“तुम्ही कुठल्या, मावशी?”

“म्या पौडाकडची. ही बयाबाई, आमची जाऊ, ती जुन्नरची. तिचं मालक बी असंच थरथरत्यात, आत निजल्यात.” बयाबाई दाराशी होत्या, त्यांची मान सारखी नकार देत होती.

“खाली ते गुलाबाचे काचघर आहे, तिथली फवारणी इकडे येते का?”

“शार्दूलचं? ते परवा परवा झालं, ताई. तवा ह्यांचा हात आदीच हालत हुता. आमचं पानी वाडीच्या हिरीतनं, वरनं डोंगरातनं झिरपल्यालं. सविता लगीन होऊन आली त्याच्या आदल्या साली नळ आला, मग हीर सुटली.”

“कसे होते पाणी?”

“ग्वाड! तापवलं की ग्वाड ग्वाड वास यायचा, डोस्कं हलकं व्हायचं. आमी म्हनायचो, डोंगराचा गुन.”

दिगंबररावांनी हे ‘लोकसमजुती’ म्हणून मनात नोंदवले आणि विसरले.

शार्दूल काचघराच्या दारातच भेटला. तरुण, चिडलेला.

“ताई, तणनाशक मी मारतो, लपवत नाही. बंद करायला सांगा, बंद करतो. पण माझं शेत वाडीच्या खाली आहे. माझं पाणी डोंगर चढून यांच्या विहिरीत कसं जाईल?”

समितीच्या अहवालावर सही करणाऱ्या डॉक्टर ऋचा यांच्या लोणावळ्यातील दवाखान्यात स्वच्छता होती आणि अवघडलेपण होते.

“मी केलेलं निदान बरोबर आहे. कारणाचं म्हणाल, तर वंशावळ मला बिवलकरांच्या माणसांनी दिली. चौघंही धनवे.”

“बायकांचे माहेर विचारले होते?”

“तसा रकाना नव्हता.”

चंद्रिकाबाईंच्या ओठांची रेघ इतकी बारीक झाली की दिगंबररावांना उगाचच अपराधी वाटले.

श्रीधर बिवलकरांनी बाटलीबंद पाण्याचा चहा पाजला. वय झालेले, पण आवाज सभेचा.

“शिबिरासाठी आपण फार कष्ट घेतलेत,” दिगंबरराव आदराने म्हणाले.

“कर्तव्य! बिचारी माणसं. रक्ताला कोण काय करणार? आणि वाडीच्या विहिरीचं म्हणाल तर ती मीच स्वखर्चानं बुजवली, वर कट्टा बांधला. आता विषयच संपला.”

परतताना चंद्रिकाबाई कट्ट्याजवळ उतरल्या. शेजारच्या हापशाला साखळी होती. ती त्यांनी सरपंचांकडून काढवून घेतली आणि पाणी बाटलीत भरले.

प्रयोगशाळेचा निकाल आल्यावर बिवलकरांच्याच दिवाणखान्यात सगळे जमले. सविता आणि सारिका दाराजवळ उभ्या राहिल्या. कोणी बसा म्हटले नव्हते. डॉक्टर ऋचा होत्या, शार्दूल होता, आणि चंद्रिकाबाईंच्या तक्रारीवरून आलेले फौजदार होते.

“समितीने आडनाव मोजले आणि त्याला रक्त म्हटले,” चंद्रिकाबाईंनी सुरुवात केली. “आपल्याकडे मुलगी लग्नानंतर आडनाव बदलते, तिचे रक्त कोणी बदलत नाही. कस्तुराबाई पौडच्या, बयाबाई जुन्नरच्या. धनव्यांशी त्यांचे रक्ताचे नाते नाही; भावकीत सोयरीक होतच नाही. तरी त्या आजारी. आणि ज्यांच्यात खरोखर धनव्यांचे रक्त आहे, त्या सरूबाई आणि त्यांच्या बहिणी? थोरलीच्या वाती तुम्ही पाहिल्यात, दिगंबरराव. धाकट्या दोघींना मी पवनेकाठी जाऊन भेटले. तिघींचे हात स्थिर. लेकींबरोबर रक्त गावाबाहेर गेले, रोग गेला नाही. रोग सुनांना गाठत होता. म्हणजे तो घरात नव्हता, गावात होता.”

दिगंबररावांनी मान खाली घातली. ते सारे त्यांच्या डोळ्यांसमोर घडले होते.

“तिघी बहिणी थोड्याच, एवढ्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही. पण संशयाची दिशा ठरते. शार्दूल खाली आणि उशिरा, तो वगळला. उरले वरून येणारे विहिरीचे पाणी, तापवल्यावर गोड वास सोडणारे. पितळ धुण्यासाठी ट्रायक्लोरोएथिलीन वापरत; त्याला तसाच वास असतो. ते जमिनीत मुरले की दशके राहते, आणि कंपवाताशी त्याचा संबंध संशोधनांत पुन्हा पुन्हा दिसला आहे. हापशाच्या पाण्यात ते सापडले. वर कारखाना एकच होता.”

“माझा कारखाना बंद होऊन युगं झाली!” बिवलकर ओरडले. “मला काय ठाऊक जमिनीत काय मुरलं ते?”

“ठाऊक नव्हते, तर अंगणातली विहीर तुडुंब असताना भर पावसात टँकर कशाला मागवता? आणि त्या दिवशी दिगंबरराव फक्त शिबिराबद्दल बोलले. विहिरीचा विषय या खोलीत कोणी काढला नव्हता, तुम्ही काढलात. ज्या अहवालात पाण्याचा शब्द नाही, तो छापणाऱ्याला विहीर का आठवावी?”

सारिका एक पाऊल पुढे आली.

“मॅडम, मग माझ्या रक्तात काही नाही?”

“पुढे कुणाला काय होईल, हे कोणीच सांगू शकत नाही. पण या कागदाने तुझ्या रक्ताबद्दल जे छापले, त्याला आधार नाही. तू जन्मलीस तेव्हा ती विहीर सुटली होती.”

“हे मी लिहून देते,” डॉक्टर ऋचा हळू म्हणाल्या. “माझी सही मागं घेते.”

सविताने पोरीचा दंड धरला. दोघीही रडल्या नाहीत. त्या बिवलकरांकडे पाहत राहिल्या, आणि त्या नजरेखाली म्हातारा हळूहळू खुर्चीत बसत गेला. मग तो बोलू लागला. फौजदारांनी जबाब त्याच्याच शब्दांत उतरवून घेतला:

“धुऊन झालेलं द्रावण कारखान्यामागच्या खड्ड्यात ओतायचं, असं मीच सांगितलं होतं. पुढे माझ्याच विहिरीच्या पाण्याला वास आला, तेव्हा मी तपासून घेतलं आणि आमच्या घरात ते पिणं थांबवलं. खाली वाडीत सांगितलं नाही. माणसं थरथरू लागली तेव्हा मला समजलं. शिबिर मी म्हणूनच भरवलं. त्या मुलीचं लग्न मोडेल, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मी विचार केला, कारखान्याचं नाव येण्यापेक्षा त्यांच्या रक्ताचं नाव आलेलं बरं. रक्तावर कोणी खटला भरत नाही.”