दोन इंजिनांना दोन थ्रॉटल

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी रसिका वैरागडेने भोपाळच्या कोलार रोडवरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात दोन मुठींचं थ्रॉटल आहे का, असं विचारलं. दुकानदाराकडे एका मुठीचंही नव्हतं. “मैडम, स्टीयरिंग ले जाइए,” तो म्हणाला.

तिने आईला फोन लावला. “नाही मिळालं… हो, पोहे खाऊनच निघाले होते.” फोन ठेवला तेव्हा काउंटरच्या दुसऱ्या टोकाला केबल निवडत असलेला एक तरुण तिच्याकडे बघत होता.

“दोनच मुठी का हव्यात?” त्याने मराठीत विचारलं.

“कारण विमानाला इंजिनं दोन आहेत.”

“कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरसाठी?”

“तुमच्याकडे आहे का?”

“एका मुठीचं आहे. दुसरी बनवता येईल.” तो थांबला. “मी कौस्तुभ खांबेटे. अवधपुरीत राहतो. मंडीदीपला कारखान्यात मेंटेनन्सला आहे.”

एवढी माहिती मागितली नव्हती, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण वैमानिकाच्या फेरपरीक्षेला अठरा दिवस उरले होते. “कधी येऊ?” तिने विचारलं.

रसिकाची अडचण सरळ होती. दुसऱ्या दिवशी कौस्तुभच्या घरी त्याच्या आईने, सुनंदाकाकूंनी केलेला चहा पिता पिता तिने ती सांगितली. दोन इंजिनांच्या विमानाच्या परीक्षेत परीक्षक हवेत एक इंजिन मुद्दाम निकामी करतो. विमान त्या बाजूला वळू लागतं. वैमानिकाने उलट्या बाजूच्या पायाने पेडल दाबून ते सरळ ठेवायचं. जो पाय मोकळा राहतो, त्या बाजूचं इंजिन गेलेलं असतं. मग खात्री करायला फक्त त्याच बाजूचं थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारी मूठ, मागे घ्यायचं. रसिकाने दोन्ही घेतली होती. चालू इंजिनाचंसुद्धा. परीक्षकाने विमान स्वतःच्या हातात घेतलं, उतरल्यावर कागदावर सही केली. नापास.

“घरी रोज दोन तास प्रॅक्टिस केली, तीच नडली,” ती म्हणाली. “घरी एकच मूठ. मागे घेतली की दोन्ही इंजिनं मागे. हाताला तेच रट गया.”

“हाताला तेच पाठ झालं.”

“तेच ते. तुम्ही पुणेवाले घरी पण किताबी बोलता?”

“बाबांची बदली इकडे झाली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. मला पुणं आठवतही नाही.”

“आठवत नाही, तरी सुटत नाही.”

“भाजीवाल्यालाही दुरुस्त करतो तो,” आतून सुनंदाकाकू म्हणाल्या.

कौस्तुभला चार दिवस लागले. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, दोन सेन्सर, मुठी आपोआप सरकू नयेत म्हणून नमद्याच्या, दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये त्याने डावी मूठ डाव्या इंजिनाला दिली आणि उजवी उजव्याला. पहिल्याच दौडीत विमान धावपट्टी सोडून गवतात गेलं.

“मी काही केलं नाही,” रसिका म्हणाली.

“माहीत आहे. एक मूठ सत्तर टक्के ताकद देते, दुसरी त्याच जागी चौसष्ट.” रात्र पडेपर्यंत त्याने दोन्ही सारख्या केल्या.

मग रोजचं ठरलं. तो पहिली पाळी करून चारला घरी यायचा, ती साडेचारला पोचायची. ती विमान चालवायची. तो मागच्या खुर्चीत कीबोर्ड घेऊन बसायचा आणि वाटेल तेव्हा वाटेल ते इंजिन बंद पाडायचा. आठवड्यात ‘तुम्ही’ गेलं. दहापैकी नऊ वेळा बरोबर थ्रॉटल मागे येऊ लागलं. एका छोट्या विमान कंपनीने तिच्यासाठी गुवाहाटीला वैमानिकाची जागा राखून ठेवली होती. पुन्हा नापास झाली तर ती नोकरी हातची जाणार होती.

परीक्षेआधीच्या शनिवारी तिने टेक-ऑफ घेतला. पाचशे फूट… हजार… दोन हजार. काहीच झालं नाही.

“इंजिन का नाही पाडलंस?”

“विसरलो.”

“एवढंच तर काम आहे तुला. काय करत होतास?”

“तुझा हात बघत होतो.”

तिने खुर्ची वळवली. “मग? बरोबर होता हात?”

“अगदी.” तो कीबोर्डकडे बघत राहिला. “एक सांगू? बनवताना वाटलं होतं, एक मूठ जरा ढिली ठेवावी. कळणार नाही इतकीच.”

“का?”

“चांगली झाली तर तू पास होशील. पास झालीस की… गुवाहाटी.”

“ठेवलीस?”

“नाही. तीनदा तपासली.”

“ठेवली असतीस तर मला कळलं असतं,” ती म्हणाली. “आणि मग मी परत आले नसते.”

“तेही माहीत होतं.”

“बाकीचं परीक्षेनंतर. आता डोक्यात एकच राहू दे.” तिने खुर्ची स्क्रीनकडे फिरवली. “परत टेक-ऑफ. आणि या वेळी विसरू नकोस.”

त्याने उजवं पाडलं. तिने उजवंच मागे घेतलं.

परीक्षा बुधवारी सकाळी आठला, भोपाळपासून रात्रभराच्या प्रवासावरच्या एका विमानतळावर झाली. परीक्षकाने डावं इंजिन निकामी केलं. रसिकाचा हात डाव्या मुठीवर गेला, उजवी जागची हलली नाही. पास.

तिने घरी कळवलं. कौस्तुभला कळवलं नाही. रात्रीची गाडी पकडून ती गुरुवारी सकाळी भोपाळला उतरली. दुपारी एकला तिने त्याला फोन लावला, फोन बंद होता. कारखान्यात शिरताना फोन जमा करावे लागतात. त्याच्या घरी फोन केला तेव्हा सुनंदाकाकू म्हणाल्या, पाळी अडीचला सुटते, तू इथेच ये, वरण-भात लावते. रसिका मंडीदीपच्या बसमध्ये चढली. गुवाहाटीला सोमवारी हजर व्हायचं होतं.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती कारखान्याच्या फाटकाशी पोचली. “किससे मिलना है?” चौकीदाराने विचारलं. तिने नाव सांगितलं. त्याने रजिस्टर पुढे सरकवलं.

“कौन लगते हैं आपके?”

तिने स्वतःचं नाव लिहिलं, वेळ लिहिली, कोणाला भेटायचं ते लिहिलं. पुढचा रकाना नात्याचा होता. पेन तिने हातातच ठेवलं.

“मैडम, ये भी भरना पड़ता है।”

“भरते हैं, पहले उनसे पूछ लें,” ती म्हणाली.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनीही तो रकाना कोराच होता; पाळी सुटायला पाच मिनिटं होती.